न्यूट्रल हाक्री

कस्तुरी, चावी देते, खरं आधी बस इथं.
ही ओम्नी. हिचं इंजिन आपल्या बुडाखाली असतं,
एवढं ध्यानात ठेव, पुढं कामाला येईल.

त्या दिवशी मागं नऊ पोती रताळी होती
आणि शेजारी तुझा आजा, तोंड उघडं टाकून झोपलेला.
बेळगुंदी मागं पडली.
बेनकनहळ्ळीच्या अलीकडं रस्ता खाली उतरतो,
तिथं मी पाय उचलला.
गाडीनं उचलला नाही.

कसं सांगू.
घरात एखाद्याला गप्प बस म्हणावं
आणि त्यानं आवाज चढवावा, तसं.
काटा पन्नास. साठ.
समोर एका सायकलवर दोघी शाळेच्या पोरी,
आणि एक म्हैस, तिला कशाचंच काही नव्हतं.

माझी पहिली चूक ऐक: ब्रेक मी हापशासारखा मारला.
दाब, सोड, दाब, सोड,
तिसऱ्या खेपेला पायाखाली दगड.
तू एकदाच दाबायचा,
अंगातलं सगळं वजन घालून,
आणि पाय काढायचा नाही,
कुणी कितीही हाका मारल्या तरी.

दुसरी चूक होता होता राहिली. हात चावीकडं गेला होता.
धावत्या गाडीत चावी उपसली असती
तर स्टेअरिंग जागेवर गोठलं असतं
आणि आम्ही बापलेक सरळ उसात.

तेवढ्यात इरण्णा आठवला.
तिसऱ्या फाटकापाशी त्याचं गॅरेज, तिथंच मी शिकले.
त्याचं मराठी चार शब्दांत संपायचं, माझं कन्नड सहा.
पहिल्याच दिवशी तो म्हणाला, न्यूट्रल हाक्री.
मी ऐकलं, हाक.
हाकली.
त्याच्याच कंपाउंडची भिंत, तिचा कोपरा अजून तसाच आहे.
तो हसून हसून टायरवर बसला, मग हातानं दाखवलं,
हाक म्हणजे घाल.
घाल, अक्कार. ठेव. मधे.

तर उतारावर मला माझी भाषा आठवली नाही.
देवाचं नावसुद्धा नाही.
क्लच वत्री, ब्रेक वत्री, हेदरब्याड्री,
न्यूट्रल हाक्री.
दांडा मधे आला,
कुठल्याच गिअरचा नसलेला,
सैल, डुगडुगणारा.

आणि बुडाखाली इंजिन किंचाळलं, बाई,
जसं कुणी तव्यावर बसवलंय त्याला.
इथंच माणूस घाबरून परत गिअर टाकतो.
वाटतं, आपण बिघडवलं काहीतरी.
किंचाळू दे.
काटा बघ. काटा खाली येतोय.
आवाज आणि वेग ह्या दोन वेगळ्या गोष्टी,
हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं,
लग्न होऊन बावीस वर्षं झाल्यावर.

पोरी बाजूनं गेल्या, एकीची रिबीन सुटलेली.
म्हशीला वळसा. डावी चाकं तांबड्या मातीत,
मग सगळीच.
उभी राहिली.
पूर्ण उभी राहिली तेव्हाच चावी फिरवली.

शांतता इतकी झाली की आजा जागा झाला.
म्हणाला, आलं काय मार्केट?

खाली वाकून बघितलं.
चिखलानं गाडी घाण होऊ नये म्हणून
मीच पसरलेलं रिकामं पोतं,
दुमडून, पेडलवर मांडी घालून बसलेलं.
माझीच स्वच्छता.

संध्याकाळी इरण्णाला फोन केला. म्हटलं, हाकली.
तो थोडा वेळ गप्प, मग भीत भीत,
यल्ली? ग्वाड्यागा?
कुठं, भिंतीत?

बरं, आता तुझ्या पायाखाली बघ आधी.
काय पसरलंय? काढ ते.
आणि म्हण माझ्यामागं: क्लच वत्री, न्यूट्रल हाक्री.
मराठीत नको.
मराठीत तू हाकशील.